अर्धं काम बोर्डावर ठेवून

आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षी मी डिझाइनमध्ये नापास झाले. त्या वर्षी माझ्या ड्रॉइंगच्या शीट्स वर्गात सगळ्यात स्वच्छ होत्या. कुठे डाग नाही, खाडाखोड नाही. त्यामुळे मला कितीतरी दिवस वाटत राहिलं की निकालातच काहीतरी चूक झाली असणार.

मी वडनेरची. घरी शेती, शाळा मराठी. सत्तरच्या दशकाच्या शेवटी नागपूरच्या कॉलेजात नंबर लागला, पण मुलींच्या हॉस्टेलात जागा मिळाली नाही. मग बाबांनी मला वर्ध्याजवळ नालवाडीला आत्याकडे ठेवलं. आत्या वर्ध्याच्या एका दवाखान्यात नर्स होती. तिचे यजमान लग्नानंतर दोनच वर्षांत गेले, तेव्हापासून ती एकटी राहायची. तिची ड्युटी बदलती आणि माझं रोजचं पॅसेंजरनं जाणं-येणं. कितीतरी दिवस आमची भेटच व्हायची नाही. ओट्यावर भाजी झाकून ठेवलेली दिसली की ती येऊन गेली, एवढं कळायचं.

पहिल्याच दिवशी तिनं सांगून ठेवलं होतं, "कॉलेज सुटलं की सरळ गाडी पकडजो. तिथं पोरापोरीत काऊन बसायचं? इथं खोली मोकळी हाये. तुले कोणी त्रास द्यायले नाई."

खरंच कोणी नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून ड्रॉइंगचा बोर्ड मांडायचे आणि वाचायचे, पाठ करायचे. शाळेत असाच अभ्यास करून पहिली यायचे. इतिहास, बांधकाम, स्ट्रक्चर या विषयांत इथेही चांगले मार्क पडले. पहिलं वर्ष निभावलं.

दुसऱ्या वर्षी डिझाइनचे तास दुपारी सुरू व्हायचे. वर्गाला खरा रंग चढायचा तो चारनंतर. कोणी चहा आणायचं, कोणी दुसऱ्याच्या टेबलावर वाकून "अरे, हा जिना कुठं चालला तुझा?" म्हणायचं. भांडणं व्हायची, हसणं व्हायचं. मी नेमकी तेव्हाच शीटची गुंडाळी काखेत मारून स्टेशनकडे निघालेली असायचे. दारातून मागे वळून पाहिलं तर कोणाचं लक्ष नसायचं. गाडीत बसल्यावर वाटायचं, आता काय बोलत असतील?

वार्षिक परीक्षेला एका खेड्यासाठी आरोग्य केंद्राचं डिझाइन होतं. ज्युरीला, म्हणजे काम समोर मांडून द्यायच्या तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या सरांनी माझी शीट बराच वेळ पाहिली.

"ड्राफ्टिंग उत्तम आहे," ते म्हणाले. "याच्या आधीचे कच्चे प्लॅन दाखवा."

"नाहीत सर. हाच एक."

"म्हणजे पहिल्या दिवशी सुचलं तेच शेवटी काढलंत?"

मागे कोणीतरी खुर्ची सरकवली, तो आवाज आजही आठवतो.

निकालानंतर वर्गातली एक नागपूरची मुलगी व्हरांड्यात भेटली. मी तिला विचारलं, माझं काय चुकलं असेल गं? ती जरा अवघडली. म्हणाली, "काय सांगू? तुझं काम आम्ही कधी पाहिलंच नाही. तू तर चारला उठून जातेस."

वर्गातली ती सगळी मुलं तिसऱ्या वर्षाला गेली. मी राहिले.

त्या सुट्टीत वडनेरला गेले नाही. नालवाडीतच होते. एका दुपारी आत्या घरी होती आणि नापास झालेली शीट खाली पसरलेली होती. तिला ओलांडून जाता येईना, म्हणून ती खाली बसली.

"हे काय होय?"

"दवाखाना. खेड्यातला."

तिनं दारावर बोट ठेवलं आणि ते हळूहळू आत नेलं. "बाई बाळंत व्हायले आली, तर या सगळ्या लोकाईसमोरून नेतील का तिले?"

तिचं बोट पुढे सरकलं.

"अन् ड्रेसिंगची खोली इकडं, नळ तिकडं. नर्स दिवसभर पायीच चालत राहील न व." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "मले काऊन नाई विचारलं?"

दोन वर्षं तिच्या घरात राहून मी तिला तिच्या कामाबद्दल एक शब्द विचारला नव्हता. मला रडू आलं. ती उठली नाही. तिथेच बसून सांगत राहिली, आणि मी स्वच्छ शीटवर पेन्सिलनं रेघा मारत गेले.

पुढच्या वर्षी मी ज्युनियर मुलांबरोबर बसले. गाडीची वेळ तीच होती, ती काही बदलणार नव्हती. पण मी काम घरी नेणं बंद केलं. पातळ बटर पेपरवरचा अर्धामुर्धा प्लॅन बोर्डाला तसाच टाचून ठेवायचे आणि कोपऱ्यात लिहायचे, "चुका दाखवा." पहिले चार-पाच दिवस काहीच झालं नाही. मग एका सकाळी खिडकीभोवती गोल केलेला दिसला. खाली लिहिलं होतं, "इथून पश्चिमेचं ऊन येईल." त्यानंतर रोज काहीतरी असायचं. एकानं तर अख्खा प्लॅन उलटा करून दाखवला होता. कोणतं अक्षर कोणाचं, हे मला पुष्कळदा कळलंच नाही. मी त्याखाली उत्तर लिहायचे आणि गाडीला निघायचे. समोर भेटली की ही मुलं मला "ताई" म्हणून बाजूला व्हायची. जवळची मैत्रीण अशी त्या कॉलेजात मला शेवटपर्यंत मिळाली नाही.

डिझाइन सुटलं. मार्क बेताचेच होते, आणि पुढेही बेताचेच राहिले.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा फळ्याजवळ गर्दी होती. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. मी माझा नंबर दोनदा पाहिला. सेकंड क्लास. कोणाला सांगावं ते सुचेना, म्हणून मिळेल त्या गाडीनं वर्ध्याला आले आणि घरी न जाता दवाखान्यात गेले. इतक्या वर्षांत तिथे पहिल्यांदाच.

आत्या वॉर्डात एका पेशंटची पट्टी बदलत होती. मला पाहून दचकली. "काय झालं?"

"पास झाली."

"बस तिथं," ती म्हणाली आणि पुन्हा पट्टीकडे वळली.

मी पेशंटच्या नातेवाइकांमध्ये बाकावर बसले. तासभर तरी गेला असेल. मग ती हात पुसत आली. बरोबर दुसरी नर्स होती. आत्या माझ्याकडे न पाहता तिला म्हणाली, "हे माही भाची. घराचे नकाशे काढते."