केस घेणारी बाई

सुनेचे केस तेलामुळे पुन्हा आले, असं मी पाहुण्यांना सांगत आलो. ते खरं नाही.

हर्सूलच्या आमच्या गल्लीत एक बाई गळलेल्या केसांवर भांडी द्यायला येते. तोंडात पान, डोक्यावर टोपलं. केसांचा गुंता तळहातावर तोलते आणि घासाघीस करताना गिऱ्हाइकाला खुशाल झापते.

त्या दिवशी सुनेच्या केसांची पिशवी गच्च भरली होती. मी मोठा डबा मागितला. बाईनं पिशवी बाजूला सारली.

"काका, पोरीला कसला घोर हाय?"

"बोअरचं पाणी खराब आहे."

"मग तुमचे कसे टिकले? गप बसा जरा." ती सुनेजवळ उंबऱ्यावर टेकली. "बोल, माय."

सुनेला रडू फुटलं. "माहेरी, लासूर स्टेशनला, आई अंथरुणावर आहे. मामंजींना विचारायची भीती वाटते."

बाई माझ्याकडं वळली. "ऐकलं नव्हं? डबा घेता का पोरीला धाडता?"

दुपारच्या गाडीत मीच सुनेला बसवून दिलं. पुढं हळूहळू केस गळायचे थांबले, नवे येऊ लागले.

आता सून माहेरी जाताना मला विचारत नाही, नुसतं सांगते. तिच्या त्या मोकळ्या आवाजासाठी मी त्या बाईचा ऋणी आहे.