साळवे बाबूंनी टेंडरमध्ये घातलेली अट

“मॅडम, फुकटच्या वस्तूला कुणी वाली नसतो,” असं म्हणून साहेबांनी माझी टिप्पणी बाजूला सरकवली. वाचलीही नाही.

परभणीतल्या एका सरकारी कार्यालयात मी कॉम्प्युटरचं काम बघते. नवीन कॉम्प्युटर घ्यायचे होते. टेंडरच्या मसुद्यात पत्रं टाइप करायच्या सॉफ्टवेअरपुढे थेट एका कंपनीचं नाव होतं. माझं म्हणणं एवढंच, की नाव काढा आणि त्याच्याकडून काय काम हवंय ते लिहा. म्हणजे फुकट मिळणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअरही चालेल. ओपन सोर्सची आतली घडण कुणालाही बघता येते, दुरुस्त करता येते. उद्या एखादी कंपनी बुडाली तरी आपलं अडत नाही.

“आणि बिघडलं तर फोन कुणाला करायचा?”

“मला. आत्ताही मलाच करता, साहेब.”

साहेब हसले नाहीत. “साळवे बाबूंना पटवा. ते हो म्हणाले तर बघू.”

साळवे बाबू पेन्शनची प्रकरणं बघतात; कार्यालयातलं सगळ्यात जास्त टायपिंग त्यांचंच. मी मोठ्या ऐटीत त्यांच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि त्यांचीच एक फाईल ओपन सोर्समध्ये उघडली. स्क्रीनवर नुसता कचरा! इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं. मराठीचा पत्ता नाही.

“बघा, बघा! येलदरीचा शिपाई पुढच्या महिन्यात रिटायर व्हायलाय. त्याची सगळी नोकरी ह्याच्यात हाय. त्याला काय सांगू, तुझी नोकरीच दिसंना म्हणून?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टेबलाभोवती जमलेली मंडळी तर खूशच होती.

मग लक्षात आलं. फाईल जुन्या फॉन्टमध्ये होती. त्यात डोळ्याला ‘क’ दिसतो, पण आत इंग्रजी अक्षर साठवलेलं असतं. तो फॉन्ट नसला की मुखवटा उतरतो. फॉन्ट बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती; तो आता फक्त साळवे बाबूंच्या जुन्या कॉम्प्युटरवर उरला होता. मी तीच फाईल साहेबांच्या कॉम्प्युटरवर, विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून दाखवली. तिथेही तोच कचरा.

“म्हंजी तुमच्या फुकटच्याचा दोष न्हाई?”

“नाही. पण तुमचा हा जुना डबा बंद पडला, की सगळं गेलं.”

साळवे बाबू खुर्चीत टेकले. चहा आला, त्यांनी हातही लावला नाही. “लय लोकांची पोटं हायेत ह्याच्यात, मॅडम. माझ्या हातानं टाइप केलंय सगळं.”

माझं सगळं शहाणपण तिथंच संपलं. मी खुर्ची ओढली.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत बदलणारं सॉफ्टवेअर मिळालं. तेही ओपन सोर्सच. जोडाक्षरं मात्र हमखास बिघडायची. साळवे बाबू मोठ्यानं वाचायचे, मी दुरुस्त करायची. येलदरीच्या शिपायाची फाईल आधी घेतली.

त्याच सुमारास कार्यालयाला कॉम्प्युटर पुरवणारा नेहमीचा डीलर आला. साळवे बाबूंनी त्याला विचारलं, “आमच्या जुन्या फाईली तुमच्या मालात उघडतील का?”

“जुन्याची गॅरंटी आम्ही घेत नसतो.”

तो जाताच साळवे बाबूंनी मसुदा ओढला आणि स्वतःच्या हातानं अट लिहिली: कार्यालयाच्या जुन्या फाईली वाचता येतील अशा करून दिल्याशिवाय बिल निघणार नाही, सॉफ्टवेअर कोणतेही चालेल. साहेबांनी वाचलं आणि लगेच सही केली. “हे कसं, कळतं,” म्हणाले. मला राग आला. मी तरी वेगळं काय सांगत होते?

कंपनीचं नाव आपोआप गळालं. नेहमीचा डीलर फिरकला नाही. सेलूच्या एका डीलरनं अट मान्य करून ओपन सोर्स बसवून दिलं.

शिपायाचे कागद वेळेत गेले. त्याची पेन्शन सुरू झाली. ओपन सोर्स म्हणजे काय, ते त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सरकारी कार्यालयात सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्यावर भाषण करू नये. ज्याचं काम अडणार आहे त्याच्या शेजारी जाऊन बसावं.