भातवाल्या काकांची सोयरीक

आमच्या शेजारच्या भातवाल्या काकांइतकी लग्नं कुठल्या भटजीनेही लावली नसतील. फक्त त्यांची सगळी वधूवरं चिखलात उभी असत. नव्वदच्या दशकात गुजरातेत, पांडेसऱ्यातली आमची अख्खी चाळ मिलमध्ये साड्या रंगवायला जाई आणि काका तेवढे सायकलीला डबा लटकावून संकरित भाताचे आईबाप निवडायला शेतावर. जिचा पराग वांझ ती 'आई', पराग पुरवणारा तो 'बाप'. ही भाषा शेतावरच ठेवून यावं, तर तेवढं भान त्यांना कुठलं! एकदा वाण्याच्या फोनवर ते आपल्या साहेबांना ओरडून सांगत होते, "साहेब, बाप गेला हो! आई एकटीच उभी आहे!" झालं, चाळीतल्या धुळ्याकडच्या बायांनी गळा काढला, दोघे बांबू आणायला धावले. एका म्हातारीने डोळ्याला पदर लावून विचारलं, "कवय गया रे भाऊ?" काका म्हणाले, "परवाच. लवकर फुलला, झडून गेला."

"आई उत्तम, बाप उत्तम, म्हणून लेकरू उत्तम असं नसतं. जोडी जमावी लागते. आणि नातं लांबचं असलं की पीक उसळी घेतं," हे तत्त्वज्ञान ते लग्नाच्या पंगतीतही ऐकवत. मामाच्या मुलीशी लग्न लागलेल्या नवरदेवाच्या घशात बुंदी अडके.

मग त्यांच्याच लेकीचं लग्न निघालं. अमळनेरच्या बहिणीने तिला पाळण्यातच आपल्या मुलासाठी मागून ठेवलेलं. लेकीला मात्र पर्वत पाटिया भागातला, कापडाच्या दुकानातला गुजराती मुलगा हवा होता. ती म्हणाली, "आबा, लांबचं बघावं, असं तुम्हीच म्हणता ना?"

"अगं, ते भाताचं!" काका ओरडले. एकुलत्या बहिणीवर त्यांचा फार जीव. तरी शेवटी अमळनेरला जाऊन त्यांनी नकार सांगितला. बहीण एवढंच म्हणाली, "तुना भात तुले लखलाभ, भाऊ."

लग्नात काका गरबा खेळले, सगळ्यांच्या उलट दिशेने. आम्ही पोट धरून हसलो. पंगतीत मात्र शेजारच्या पाटावर हात ठेवून बसले होते. कुणी बसू लागलं की म्हणत, "थांबा, अमळनेरची गाडी उशिरा येते." गाडी केव्हाच येऊन गेली होती. ते त्यांनाही ठाऊक होतं. मला फार वाईट वाटलं. वाढपी भात घेऊन आला, तेव्हा काकांनी हळूच हात उचलला आणि मला म्हणाले, "बस तू."