दोघांपुरतं इंजिन

जळक्या तेलाचा तो उग्र, किंचित गोडसर दर्प कुठे दरवळला, की माझं मन आजही नांदेडच्या मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडपाशी जाऊन उभं राहतं. आषाढ लागला होता, गोदावरीकडून ओलसर वारा येत होता, आणि पोत्यावर मांडलेल्या दोन इंजिनांसमोर मी, चाळिशी ओलांडलेला हिशेबाचा मास्तर, मुलगी पाहायला आल्यासारखा गंभीर चेहरा करून बसलो होतो. हसू नका! माझ्या साध्या सायकलीला मला इंजिन बसवायचं होतं.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. सिकंदराबादच्या छावणीतलं लष्करी सामान लिलावात निघालं होतं आणि निजामाच्या मुलखातले मिस्त्री त्यातून काय काय उचलून आणत होते. त्या दोहोंपैकी एक इंजिन इवलंसं, हलकं, पेट्रोलमध्ये तेल मिसळून पाजलं की तारस्वरात ओरडणारं. दुसरं वीज तयार करणाऱ्या यंत्रातून काढलेलं, थोराड, संथ ठोक्यांचं. त्याचा भार पेलायला सायकललाच नव्या नळ्या जोडून घ्याव्या लागणार होत्या. मिस्त्रीने हात पुसत विचारलं, “मास्टरसाब, पैले ये बोलो, बैठनेवाले कित्ते जने? अकेले को छोटा बस है. बडा नक्को लेव.”

“दोघं,” मी म्हणालो. काय ऐट होती माझ्या स्वरात! पत्नी गेल्यापासून माझ्या घरात दोघं असं काही उरलंच नव्हतं. एकुलती एक लेक, वेणू, शिरूर अनंतपाळला दिलेली. मदरशातून, म्हणजे निजामाच्या सरकारी शाळेतून, परतावं, कुलूप काढावं, एका माणसापुरती भाकरी थापावी आणि ती बिघडली तरी कुणी नाव ठेवू नये, याहून भकास काय असतं? शुक्रवारच्या, जुम्म्याच्या सुट्टीचा तर मला धसकाच बसे, कारण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू येत नसे.

आमच्याकडे नागपंचमीला लेकी माहेरी येतात. माहेरचं कुणीतरी मुऱ्हाळी होऊन त्यांना आणायला जातं, तेव्हाच त्या निघतात. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला मला रजा मिळाली नाही आणि वेणू तिकडेच राहिली. या वर्षी मात्र मी कार्ड टाकलं होतं, की पंचमीला मी स्वतः येतो. प्रवासी मोटारीच्या गर्दीत लोंबकळत नव्हे, तर लेकीला आपल्या गाडीवर, आपल्या मागे बसवून आणायचं, असा माझा बेत होता. वेणूचं वजन धरलं, तिच्या गाठोड्याचं धरलं, कंधारपासून पुढच्या चढांचा अंदाज घेतला आणि थोराड इंजिन पक्कं केलं. मागच्या कॅरिअरवर कापसाची गादीसुद्धा शिवून बांधली. आषाढभर मी रोज शेडमध्ये जाऊन बसे. मिस्त्रीला माझा कंटाळा आला असणार.

पंचमीच्या आदल्या दिवशी, धुळीने माखलेला, कानात ठोके घुमत असलेला मी वेणूच्या दारात उतरलो. सारी गल्ली गोळा झाली. आणि वेणू बाहेर आली, सावकाश, एक हात कमरेवर ठेवून. माझ्या लेकीला दिवस गेले होते, आणि ते मला, तिच्या बापाला, तिच्याकडे पाहून कळत होतं!

“सातवा लागलाय, मास्तर,” विहीणबाई म्हणाल्या. “कळवायचं कुणाला? तुमच्या घरी बाईमाणूस न्हाई.”

त्यांचा काय दोष? असा सांगावा बाईच्या तोंडून बाईच्या कानी जातो. पुरुषाने पुरुषाला कार्डावर तो लिहायचा नसतो. जावईबापूंची कार्डं ‘सर्व कुशल’ म्हणत आली आणि मी ती वाचून निश्चिंत झोपलो. वेणूची आई असती तर तिला तिसऱ्या महिन्यातच कळलं असतं. मी वजनं मोजली, चढ मोजले, आणि माझ्या लेकीच्या आयुष्यात काय चाललंय ते मला ठाऊक नव्हतं.

सगळ्यांच्या नजरा त्या गादीवर खिळल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी काही विचारण्याआधीच मी बोलून गेलो, “न्यायला नाही आलो हो. सहज आलो, नवी गाडी दाखवायला.”

सगळे हसले. वेणूने इंजिनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “लई छान हाय, आप्पा,” ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला मी आत डोकावलो. बायका नागोबाला लाह्या-दूध घेऊन वारुळाकडे गेल्या होत्या. वेणू माजघराच्या कोपऱ्यात पाठमोरी बसून तिचं बांधून ठेवलेलं गाठोडं सोडत होती. एकेक लुगडं काढून, घडी नीट करून पुन्हा खुंटीवर टाकत होती. तेव्हा ‘येतेस का गं?’ एवढं विचारलं असतं, तर बैलगाडी मिळाली असती, नांदेडात शेजारच्या काकूही मदतीला आल्या असत्या. पण ‘सहज आलो’ म्हणून रात्रभर पाहुणचार घेतलेल्या माणसाने शब्द फिरवायचा कसा, या लाजेपायी मी तिला हाक न मारताच मागे फिरलो आणि दोघांना ओढणारी ती गाडी एकट्याने नांदेडला आणली.