मले ताप नव्हता

मी पुण्याला जायला निघाले त्या सकाळी शामरावभाऊ आपल्या राइस मिलच्या ओट्यावर खुर्ची टाकून दात घासत बसले होते. दिघोरीच्या स्टँडवर जायला आमच्या वस्तीतून तोच एक रस्ता. बाबांच्या खांद्यावर माझी बॅग, मायच्या हातात भाकरीची पिशवी आणि मधे मी.

"काय रे सुखदेव, पोरगी कुठं चालली?" भाऊंनी विचारलं.

"पुण्याले, भाऊ. मामाकडं. कंपनीत लावून देतो म्हनते तो."

"बरं केलं. कबड्डीनं कोनाचं पोट भरलं?" असं म्हणून ते बाजूला थुंकले.

बाबा हसले. त्या हसण्याचा राग मला अजून येतो. बाबांचा नाही येत. ज्याच्यापुढं माझ्या बापाला तसं हसावं लागलं, त्याचा येतो.

बस आली. बाबा खिडकीपाशी उभे राहिले. दुसऱ्यांच्या आया अशा वेळी म्हणतात, वेळेवर जेवजो, पोचल्यावर फोन करजो. माझ्या मायनं खिडकीच्या गजात हात घातला, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "माफ करनारे गावात लय आहेत. तू नको करजो."

हे मी दिघोरीत राहिलेल्यांसाठी लिहिते आहे, कारण मागच्या हिवाळ्यातल्या सामन्याच्या संध्याकाळची गोष्ट आता गावात ज्याला हवी तशी सांगितली जाते. आणि पुण्यात, सुरतेत, हैदराबादेत गेलेल्यांसाठीही लिहिते आहे. गाव सोडताना तुमच्याही घशात काहीतरी अडकलं असेल आणि अजून गिळता आलं नसेल, तर तुम्हाला हे समजेल.

आमची वस्ती तळ्याच्या पल्याड, विहाराच्या मागं. कबड्डी मी शाळेच्या मैदानावर शिकले. मी चढाईची आणि कल्पना डाव्या कोपऱ्याची. कल्पनाचं घर आमच्या घराला लागून होतं. आमच्या दोघींच्या भिंतीत एक झरोका होता, त्यातून आम्ही एकमेकींना हाक मारायचो आणि शाळेत एकाच सायकलवर जायचो. ती पाय धरायची तर समोरचीला वाटायचं जमिनीनंच धरलं. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या दिवसांत गावोगावी सामने व्हायचे आणि आम्ही जिंकून यायचो. गावचं क्रीडा मंडळ शामरावभाऊंचं. जर्सी त्यांच्या, गाडी त्यांची, हार घालून घेणारी मानही त्यांचीच. आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. आम्हाला फक्त खेळायचं होतं.

त्या वर्षी मोहाडीला जिल्ह्याचा शेवटचा सामना आम्ही जिंकलो. सगळ्यात जास्त गुण माझे होते. तिथंच सांगितलं गेलं की विभागाच्या निवडीसाठी नागपूरला जायचं. त्यातून जी पुढं जाईल, तिला खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीही लागू शकते, असं शाळेतले खेळाचे सर म्हणाले. भाऊ म्हणाले, "सकाळी फाट्यावर उभी राहाजो. जीप घेऊन जाईन."

मी फाट्यावर उभी होते. बाबाही सोबत होते. थंडी होती, त्यांनी आपला गमछा माझ्या कानाला बांधला होता. जीप आली, जराशी हळू झाली. पुढं भाऊ बसले होते. मागं आमच्या पोरी, आणि माझ्या जागेवर भाऊंची भाची. मी हात केला. भाऊंनी माझ्याकडं पाहिलं, ड्रायव्हरला काहीतरी म्हणाले आणि जीप निघून गेली. कल्पना खिडकीशीच होती. तिनं मान खाली घातली.

बाबा म्हणाले, "दिसली नसशीन त्यायले."

पुढच्या आठवड्यात शाळेत खेळाचे सर भेटले. "आता बरी आहेस का? ताप उतरला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कसला ताप? ते गोंधळले. नागपूरच्या निवड समितीनं विचारलं होतं म्हणे, मोहाडीत एवढे गुण घेणारी पोरगी कुठं आहे? तेव्हा भाऊ म्हणाले, ती तापानं फणफणली आहे. समितीला पटेना, म्हणून त्यांनी पोरींना विचारलं. कल्पनानं सांगितलं, "हो सर, मी तिच्या बाजूलेच राहते. लय ताप आहे तिले."

मी तशीच झरोक्यापाशी गेले. कल्पना चूल फुंकत होती. "काहून खोटं बोलली?" मी विचारलं.

"माहा बाप त्यायच्या मिलमध्ये आहे," ती म्हणाली. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही.

त्याच संध्याकाळी मायनं झरोका चिखलानं बुजवला. त्यानंतर ती कल्पनाशी कधी बोलली नाही. भाऊंच्या भाचीला पुढं नोकरी लागली. मी पुण्याला गेले.

भोसरीत मामाच्या खोलीत राहिले, कंपनीत पॅकिंगला लागले. पहिल्या दिवशी सुपरवायझरनं विचारलं, काय करतेस? मी म्हटलं, "डबे भरून राहिली." लाइनवरच्या सगळ्या पोरी हसल्या. मग मी 'मले'चं 'मला' केलं, 'काहून'चं 'का' केलं, आणि फोनवर मायशी बोलताना तेवढं जुनं तोंड उघडायचं असं ठरवून टाकलं. पण मैदानावर कोणी बोली विचारत नाही. भोसरीत कबड्डीचं वेड आहे. शिफ्ट सुटली की मी मैदानावर जायचे. एका क्लबनं घेतलं, काही वर्षं खेळले, मग गुडघा गेला. खेळता येईना तसं शिकवायला लागले. आज एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे आणि संध्याकाळी मुलींचा संघ बघते. लग्न केलं, स्वतःचं घर झालं, मायला किती वेळा म्हटलं ये. ती म्हणायची, "मी इथून हालली त त्यायले बरं वाटन."

बाबा गेले तेव्हा मी दोन दिवसांसाठी गावी गेले. भाऊ दारावर आले होते. "सुखदेव सोन्यासारखा माणूस," म्हणाले. मी आत उठून गेले.

लोक म्हणतात, काळ गेला की राग निवतो. माझा निवला नाही, आणि खरं सांगायचं तर मी त्याला निवू दिलं नाही. सकाळी उठून धावायचा कंटाळा आला की मी ती जीप आठवायचे. माझ्या पोरींना वाटायचं, ताईंना खेळाचं वेड आहे. वेड होतंच. पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी पेटलेलं होतं, आणि त्यावर मी इतकी वर्षं शिजवून खाल्लं.

मागच्या हिवाळ्यात कोणीतरी मोबाइलवर एक पोस्टर पाठवलं. शामरावभाऊंच्या अमृत महोत्सवानिमित्त दिघोरीत महिलांचे खुले कबड्डी सामने. मधोमध भाऊंचा फोटो, फेटा बांधलेला. मी त्याच दिवशी क्लबच्या नावानं संघ नोंदवला. माझं लग्नानंतरचं आडनाव तिथं कोणाला माहीत नव्हतं.

आम्ही पोचलो त्या दिवशी मायनं माझ्या पोरींना पोटभर जेवू घातलं आणि मग मला बाजूला घेतलं. "मंडळाची टीम मी पाह्यली आहे," ती म्हणाली. "डाव्या कोपऱ्यात कल्पनाची पोट्टी आहे. मायवानीच पाय धरते, पन दम नाही काढत. लवकर उडी घेते." सत्तरीच्या पुढची माझी माय महिनाभर शाळेच्या कुंपणाशी उभी राहून त्यांचा सराव बघत होती.

अंतिम सामना आमचा आणि मंडळाचाच झाला. ऊन कलतं होतं. भाऊ स्टेजवर सोफ्यावर बसलेले, अंगावर शाल. बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत माय बसली होती. तिच्यापासून चार बायका सोडून कल्पना. तिनं मला ओळखलं होतं. मी सामन्यापूर्वी पोरींना एवढंच सांगितलं, "डाव्या कोपऱ्यावर चढाई करा. आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत कोणी हात सैल सोडायचा नाही."

माझी कॅप्टन मनीषा, भोसरीच्या एका रिक्षावाल्याची पोरगी, पहिल्याच चढाईत कल्पनाच्या लेकीला बाद करून आली. मग पुन्हा. थोड्या वेळात त्यांच्या सातही जणी बाहेर, पहिला लोण चढला. मध्यंतराच्या आत दुसरा. गर्दी आधी ओरडत होती, मग कुजबुजायला लागली. मध्यंतराला मनीषा माझ्याजवळ आली. "ताई, सामना झाला आता. बाकीच्या पोरींना खेळवू का? ती कोपऱ्यातली रडतेय."

"नाही," मी म्हटलं. "तुम्हीच खेळा."

त्या पोरींनी माझं काही बिघडवलं नव्हतं. ते मला तेव्हाही कळत होतं. मी स्टेजवरच्या माणसाकडं बघत होते. भाऊंनी शाल आधी खांद्यावरून मांडीवर घेतली, मग बाजूला ठेवली. तिसरा लोण चढला तेव्हा ते शेजारच्याशी बोलायचेही थांबले होते. मला बरं वाटलं. इतकं बरं मला बाळंतपणानंतर पोर कुशीत आलं तेव्हाच वाटलं होतं. लपवून काय करू?

बक्षीस भाऊंच्याच हातून मिळालं. निवेदक म्हणाला, विजयी संघाच्या मॅडमनी दोन शब्द बोलावे. हे दोन शब्द मी कितीतरी वर्षं भोसरीत पुणेरी मराठीत घोळवले होते. माइक हातात आला आणि तोंडातून आपलीच भाषा निघाली.

"मी बाहेरची नाही. तळ्यापल्याडच्या सुखदेवची पोरगी आहे. आपली टीम जिल्ह्यात पहिली आली त्या वर्षी मले नागपूरले नेलं नाही. तिथं सांगतलं का मले ताप आहे. मी फाट्यावर उभी होती. मले ताप नव्हता."

मग भाऊ हसले. त्यांनी माझ्या हातातून अलगद माइक घेतला. "अरे वा! आपल्या सुखदेवची पोट्टी! पाहा मंडळी, आपल्याच मंडळात घडलेली पोरगी पुण्याले जाऊन केवढी मोठी झाली. झालं गेलं, लहानपनी रुसवेफुगवे होतच असतात. गावाचं नाव काढलं तिनं. वाजवा टाळ्या!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. जोरात वाजवल्या. मी ढाल धरून उभी. तीन लोण चढवून जे मिळवलं होतं, ते या माणसानं एका हसण्यात आपल्या खिशात घातलं. मायकडं पाहिलं. ती टाळ्या वाजवणाऱ्यांकडं एकेक करून बघत होती.

तेवढ्यात कल्पना उठली.

"टाळ्या काहून वाजवता?" ती ओरडली. कबड्डी खेळलेल्या बाईच्या छातीला माइक लागत नाही. "तिले ताप नव्हता. नागपूरले साहेबायनं विचारलं तवा मी खोटं बोलली. भाऊनं जीपमध्येच सांगून ठेवलं होतं, असं बोल, नाहीतर तूही इथंच उतर, आन उद्यापासून बापाले मिलमध्ये पाठवू नको. ती फाट्यावर उभी होती. हात दाखवून राहिली होती. आम्ही सगळ्यायनं पाह्यलं."

"कल्पना, बस खाली," भाऊ म्हणाले.

"तवा बसली ना जीपमध्ये. आता नाही बसत."

तिची पोरगी मैदानाच्या कडेला रडायची थांबून आईकडं बघत होती. टाळ्या कधी थांबल्या ते कळलंच नाही. मागून एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "म्हनजे त्या भाचीची नोकरी हिची होती का?" त्याला कोणी गप्प केलं नाही. निवेदकानं घाईघाईनं पुढचं बक्षीस पुकारलं, पण ऐकतं कोण? भाऊ जेवणाच्या पंगतीला थांबले नाहीत. वाढदिवसाचा केक तसाच राहिला.

दिवेलागणीला कल्पना आमच्या दारात आली. उंबऱ्याबाहेरच थांबली.

"आतातरी बोलशीन का माह्यासंग?"

"बोलीन."

"माफ केलं का?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि खाली बसली. मायनं चहा केला, एक कप तिच्यासमोर ठेवला आणि न बोलता आत गेली. आमच्याकडं तेवढंही पुष्कळ होतं.

पुण्याला परतल्यावर मी खूप विचार केला. पुण्यानं मला काय दिलं नाही? काम, नवरा, पोर, मैदान, मान. पण मला ताप नव्हता, हे पुण्यात कोणी म्हणूच शकलं नसतं, कारण मला ताप होता हे तिथं कोणी ऐकलंच नव्हतं. खोटं दिघोरीत जन्मलं होतं, ते दिघोरीतच मरायला हवं होतं. तुम्ही विचाराल, आता घर कुठलं? जिथं आपल्याबद्दल खोटं सांगितलं गेलं आणि जिथं ते खोडून काढणारं कोणीतरी अजून जिवंत आहे, ते घर. प्रेम तर माणसाला कुठंही मिळतं.

आणि माझं अजून संपलेलं नाही. यंदा धान निघाल्यावर मी रजा घेऊन गावी आले. बाबांच्या बांधीतली, म्हणजे धानाच्या वावरातली धसकटं काढली, जमीन चोपून घेतली, चुन्याच्या रेषा मारल्या. पहिल्या दिवशी कल्पनाची पोरगी एकटीच आली. आठवड्याच्या आत मंडळाच्या झाडून साऱ्या पोरी आमच्याकडं होत्या. शाळेच्या मैदानावर आता भाऊंच्या फोटोचा फ्लेक्स तेवढा उभा आहे.

परवा मंडळाचा एक माणूस आला. बांधीत शिरून म्हणाला, "ताई, भाऊनं निरोप पाठवला. मैदान मोकळंच आहे. तिथंच खेळवा पोरीयले. जर्सीपन देतो म्हनते."

कल्पनाची पोरगी तेव्हा चढाईला निघाली होती. मी शिट्टी तोंडातून काढली.

"जरा मांगं सरा," मी त्याला म्हटलं. "तुम्ही रेषेवर उभे आहात."