मोजणीबाहेरचं काम

माझं पोट देशाच्या प्रगतीवर चालतं, म्हणजे ती जिथे अडते त्यावर. बंगळूरला हेब्बाळच्या तळ्याजवळ एका संशोधन संस्थेत मी नोकरी करते. आपल्यासारख्या देशांत उत्पन्न वाढतं, मुली शिकतात आणि तरीही बायका कामं सोडून घरी का बसतात, हा माझा विषय. सरकारने यावर काय धोरण आखावं हे मी लिहिते आणि ज्यांनी वाचायचं ते वाचत नाहीत. नवरा म्हणतो, तुझ्या अहवालांची वाचक तूच. तो स्वतः जे सॉफ्टवेअर लिहितो ते कोण वापरतं हे त्यालाही ठाऊक नाही, त्यामुळे मी फारसं मनावर घेत नाही.

हे सगळं लिहायला मला दिवसभराची मोकळीक मिळायची ती बाबांमुळे. आई गेली तेव्हा माझी मुलगी नुकती बसायला लागली होती. दिवसकार्य आटोपलं आणि आम्ही बाबांना सोलापूरच्या घराला कुलूप लावायला लावून इकडे आणलं. एकटे कसे राहतील, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. माझं ऑफिस सुरू व्हायचं होतं, हेही खरंच होतं.

बाबांची सगळी नोकरी सरकारी पाहणीत गेली. गावोगाव, घरोघर जायचं, ओसरीवर बसायचं आणि घरात कोण काय काम करतं ते विचारून टिपायचं. अक्कलकोटकडच्या गावांत फिरून ते कन्नडही बोलायला शिकले. आम्हा बहीणभावंडांना मात्र त्यातलं काही आलं नाही. मला आजही ‘स्वल्प’, म्हणजे थोडं, आणि ‘सरी’, म्हणजे बरं, यापलीकडे फार जाता येत नाही. बाबांची इथे आल्या आल्या वॉचमनशी, भाजीवाल्या अक्काशी, इस्त्रीवाल्याशी दोस्ती झाली. इतकी वर्षं राहून आम्हाला जेवढे लोक ओळखत नव्हते तेवढे त्यांना पंधरवड्यात ओळखायला लागले.

आईच्या राज्यात त्यांनी चहासुद्धा कधी केला नव्हता. इथे मऊ भात करायला शिकले, तूप किती घालायचं ते शिकले, नातीची नखं झोपेत कशी कापायची तेही शिकले. बाजारची दुपटी पोरीच्या अंगाला टोचतात असं त्यांच्या मनाने घेतलं, तेव्हा मेट्रोने चिकपेटला गेले आणि दुकानं पालथी घालून मलमल घेऊन आले. सोलापूरचा माणूस, कापड चिमटीत धरून पाहिल्याशिवाय घेणार नाही. पोरीला झोपवताना ते अंगाई म्हणत नसत, पाढे म्हणत. एकोणतिसाच्या आत ती झोपायची. मी दारात उभी राहून ऐकायची आणि मला त्या दोघांबद्दल इतकी माया दाटून यायची की ऑफिसला जायला पाय निघत नसे. पण निघायची.

संध्याकाळी गॅलरीत बसले की ते सोलापूरच्या मित्राला फोन लावत. आपल्या गल्लीत नळाला पाणी कधी आलं याची बातमी त्यांना रोज लागायची. तिकडे चार-पाच दिवसांनी एकदा पाणी येतं. ‘आज आपल्याकडे आलं,’ असं ते आम्हाला सांगत. कुलूपबंद घरात पाणी येऊन काय उपयोग, असं म्हणून मी त्यांना चिडवायची. ते हसायचे.

त्याच सुमारास मला एका मोठ्या अभ्यासाचं प्रमुख केलं. बंगळूरबाहेर देवनहळ्ळीकडे प्लॉट पाडून शेतांचे लेआउट झाले, जमिनी विकल्या गेल्या, हातात पैसे आले. त्या शेतांत राबणाऱ्या बायका आता काय करतात, ते पाहायचं होतं. आठवड्यातून तीन दिवस बाहेर राहावं लागणार होतं. बाबा आहेत, असं मी साहेबांना लगेच सांगून टाकलं. बाबांना घरी येऊन सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, छान झालं.

एका शनिवारी सकाळी दारावर एक मुलगी आली. गळ्यात सरकारी ओळखपत्र, हातात टॅब. कुटुंबांची पाहणी करायला आली होती. आमच्या इमारतीत तिला कुणी दार उघडत नव्हतं. बाबांनी नुसतं उघडलं नाही, तिला खुर्ची दिली, पंखा लावला. ती बेळगावची निघाली, मग तर काय, माहेरचं माणूस आल्यासारखं झालं. नवरा बाहेर गेला होता. मी सोफ्यावर बसले आणि बाबा नातीला मांडीवर घेऊन समोर.

माझं झालं, नवऱ्याचं झालं. बाबांपाशी आल्यावर तिने वय विचारलं, पेन्शन आहे म्हटल्यावर ‘सरी’ म्हणाली आणि पुढे जायला लागली. बाबांनी तिला थांबवलं. नियम काय आहे, त्यांनी विचारलं. मग तो स्वतःच सांगितला, माणसाचा जास्तीत जास्त वेळ कशात जातो ते लिहायचं. पेन्शन घेण्यात आपला वेळ जातोच किती? बाकी दिवस स्वयंपाक, धुणं वाळत घालणं, पोरीला सांभाळणं. तेव्हा आपल्याला घरकामात घाल. मुलगी हसली, पण तिने तसं केलं. मला भारी मजा वाटत होती. असं उदाहरण मला अहवालात शोधून सापडलं नसतं.

घरकाम करणाऱ्याला पुढे आणखी काही विचारतात, ते विचार, असं बाबा म्हणाले.

“ते प्रश्न बायकांनाच विचारतात की वो काका,” ती म्हणाली. “पुरुषाला टॅबवर हे उघडतच नाही.”

मग लिहू नको, नुसते विचार, असा त्यांनी हट्ट धरला. आपण जन्मभर विचारत आलो, एकदा उत्तर देऊन बघायचंय. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, विचार.

घरकाम तुम्हीच का करता, हा पहिला प्रश्न. बाबा म्हणाले, “घरात दुसरं करणारं कोणी नाही.” तक्रार म्हणून नाही, आज शनिवार आहे म्हणावं तसं म्हणाले. मी तिथेच बसले होते. माझं हसू तोंडावरच राहिलं.

घरकाम सोडून दुसरं काही करायची तुमची इच्छा आहे का, हा दुसरा.  बाबा नातीचा पाय हातात धरून नुसते बसले. मला राहवेना. मी म्हणाले, कुठलं हो, नातीशिवाय एक दिवस करमत नाही त्यांना.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “हिच्यासाठी पाणी आण गं.”

मी उठले, ओट्यापाशी गेले आणि तिथे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही त्यांच्या धंद्यातली युक्ती होती. गावात बाईला प्रश्न विचारला की उंबऱ्यातला नवरा उत्तर देतो, ‘ती कसलं काम करते? तिला कुठे जायचंय?’ असं. मग बाबा त्याला म्हणायचे, जरा पाणी आणता का प्यायला. नवरा आत गेला की बाई बोलायची. बरोबरच्या नव्या पोरांनाही ते हेच शिकवत. आज उंबऱ्यातला नवरा मी होते.

मी पेला भरला आणि बाहेर गेले नाही. बाहेर बाबा बोलत होते, पण कन्नडमध्ये. त्यातला मला एकच शब्द कळत होता, ‘मने’, म्हणजे घर. तो पुन्हा पुन्हा येत होता. शेवटी मी पाणी नेलं तेव्हा मुलगी टॅब पिशवीत घालत होती. तिने पोरीच्या गालाला हात लावला, “येतो अक्का,” म्हणाली आणि गेली. पाणी प्यायला ती थांबलीच नाही.

दुपारी पोर झोपल्यावर बाबा कपड्यांच्या घड्या घालत बसले. मी समोर जाऊन बसले आणि विचारलं, तिला काय सांगितलंत. उत्तरं गुप्त ठेवायची असतात, असं त्यांनी मला सुनावलं. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, बाबा, मी सरकार नाही, तुमची मुलगी आहे.

त्यांनी हातातलं झबलं घडी करून ठेवलं.

“कुलूप लावून आलो त्या दिवसापासून तुझ्या आईला मी नीट आठवलेलंच नाही गं,” ते म्हणाले. “इथे सवडच होत नाही. तिच्या घरात थोडे दिवस नुसतं बसायचंय.”

मला वाईट वाटलं. अर्धं आईसाठी आणि अर्धं, खोटं कशाला बोलू, देवनहळ्ळीसाठी. तोंड उघडलं तर यातलं कुठलं अर्धं आधी बाहेर पडेल याची मला खात्री नव्हती, म्हणून मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. ते माझ्या केसांवरून हात फिरवत राहिले, पोरीच्या फिरवतात तसाच. मग मी म्हणाले, जा बाबा. ते म्हणाले, आणि तुझं काम? ते मी बघते, मी म्हणाले. कसं बघणार होते ते देवाला माहीत.

पण जमवलं. नवऱ्याने दोन दिवस घरून काम मागून घेतलं. मागच्या गल्लीत एक बाई पाळणाघर चालवते. बाबा स्वतः जाऊन तिला तासभर प्रश्न विचारून आले आणि पास आहे, म्हणाले. मग त्यांना गाडीत बसवून दिलं. स्टेशनवर पोर हात हलवत होती आणि मी ऊन लागतंय असं दाखवत गॉगल घालून उभी होते. ऊन नव्हतं.

पहिल्या महिन्याच्या शेवटी पाळणाघरवालीने माझ्या हातात पावती ठेवली, आणि घरी येताना मला हसू फुटलं. मी तशीच बाबांना फोन लावला. म्हटलं, बाबा, तुम्ही करत होता तोवर हे काम देशाच्या उत्पन्नात धरलं जात नव्हतं. तेच आता पैसे देऊन करवून घेतलं, तर धरलं गेलं. तुम्ही नोकरी सोडून गेलात आणि देशाची प्रगती झाली.

ते पुष्कळ हसले. मागे घरातलं भांडं वाजल्याचा आवाज आला. पोर जेवते का, विचारलं. जेवते, मी म्हणाले, पण पाढे म्हटल्याशिवाय झोपत नाही आणि मला सोळाच्या पुढे येत नाहीत.



“आणि नोकरी सोडली कुणी?” ते म्हणाले. “तुझी आई गेली तेव्हा रजा घ्यायची राहिली होती, ती घेतोय. संपली की हजर होतो.”