लूमच्या खटखटाटात शिकलेली गिटार

पुण्याची गाडी दुपारची होती. बऱ्हाणपूरच्या लालबाग स्टेशनवर मला सोडायला आलेल्या मंडळींना माझ्यापेक्षा माझ्या गिटारची काळजी जास्त होती. आईने जुन्या गोधडीचं कव्हर शिवून तिला लपेटलं होतं आणि दराब्याच्या मिठाईचा डबा माझ्या हातात देताना ती तिसऱ्यांदा विचारत होती, "ते बाजं वरच्या बर्थवर राहील ना?" बाबा गणिताचे शिक्षक. हिशेब जुळला की ते निश्चिंत होत, आणि त्यांचा हिशेब जुळलेला होता. "काळजी कशाची? तिकडे तर सगळे आपलेच. आपलीच भाषा." गाडी हलली तसा दिनूदादा खिडकीबरोबर चालायला लागला. "शुभी, रोज वाजव. हाताला जंग नको लागू देऊ." मग प्लॅटफॉर्म संपला. मी भोकाड पसरलं, ते पार रावेर येईपर्यंत.

दिनूदादा आमचा शेजारी. इतवारा मोहल्ल्यात त्यांच्या घरामागे पॉवरलूमची शेड होती, अजून आहे. कुठल्याशा लग्नाच्या बँडमध्ये त्याने इलेक्ट्रिक गिटार पाहिली आणि त्याला वेड लागलं. आधी स्वतःसाठी एक जुनी मिळवली, मग माझ्यासाठी दुसरी, गळ्याला चीर गेलेली, सरस लावून त्यानेच जोडलेली. अ‍ॅम्प मात्र दोघांत एकच, गिटारचा आवाज मोठा करायला बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने लाकडी खोक्यात बसवून दिलेला. तो शेडच्या कोपऱ्यात असे, आणि आमचा रियाज तिथेच चाले. शहरात गिटारवाले आम्ही दोघंच, असा आमचा समज होता. समज मोडायला कुणी आलं नाही.

आता जे सांगते आहे ते ऐकून पुण्यातले मित्र आजही डोक्याला हात लावतात. लाईट असली की लूम चालू आणि लाईट असली की अ‍ॅम्प चालू. लाईट गेली की दोन्ही गप्प. सुट्टीच्या दिवशी दिनूदादाचे वडील शेडला कुलूप लावून किल्ली बंडीच्या खिशात ठेवत, कारण त्या एका दिवशी त्यांच्या कानांना आराम हवा असे. म्हणजे एवढ्या वर्षांत आम्ही आमचं वाजवणं शांततेत एकदाही ऐकलं नव्हतं. आणि गंमत अशी की हे आमच्या कधी लक्षातही आलं नाही.

त्यामुळे आमचं सगळं शास्त्र त्या खटखटाटाला धरून तयार झालं. बारीक सुरांचं ट्रेबलचं बटण पूर्ण उजवीकडे आणि खर्जाचा बेस शून्यावर, तेव्हा कुठे आमचे सूर त्या यंत्रांच्या वर डोकं काढत. बेंड शिकवताना तर दादाने कानाला सुट्टीच दिली. बेंड म्हणजे दाबलेली तार बोटाने वर ढकलायची, की सूर चढत जातो. कुठे थांबायचं ते कानाने ठरवतात. दादा म्हणे, "कानावर भरोसा नको ठेवू. नख पांढरं झालं की समज, सूर लागला." मी नखाकडे पाहत शिकले. नव्या तारा सहज मिळत नसत, म्हणून जुन्याच तारा चहाच्या पातेल्यात उकळून, पुसून पुन्हा चढवायच्या. त्याने त्यांना काही दिवस पुन्हा चमक येते. आईला मात्र या शास्त्राचं कौतुक नव्हतं. "चहाच्या गंजात तारा उकळून राहिली ही पोरगी! उद्या पाहुण्यांना काय लोखंडाचा चहा देऊ?"

आमची स्वतःची एक चालही होती, दोघांनी मिळून जुळवलेली. तिच्या मधोमध एक लांब बेंड होता. तिथे पोचलो की आम्ही एकमेकांकडे बघायचो आणि दोघं एकदम तार ढकलायचो. एवढा आनंद मला नंतर पगारवाढीनेही दिलेला नाही.

पुण्यात बाबांचा हिशेब पहिल्याच आठवड्यात चुकला. ऑफिसात जेवायला बोलावलं तेव्हा मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे, मी काम करून राहिली." टेबलावर हसू पसरलं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, म्हणून तर जास्त लागलं. एका बाईंनी कौतुकाने विचारलं, "मराठी छान बोलता हो! कुठे शिकलात?" मला! आईच्या पोटातून शिकून आले, असं सांगावंसं वाटलं. पण नवी नोकरी, गिळलं. बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात म्हणजे मी हिंदीवाली, असं एकदा ठरलं ते ठरलं.

मग शनिवारच्या मंडळींचा पत्ता लागला. कोथरूडला मंदारच्या घरी वरच्या खोलीत गिटारचे हौशी लोक जमत. मंदार स्वतः दातांचा डॉक्टर, बाकीचे कुणी प्राध्यापक, कुणी बँकेतले. कोण आवाज बदलणारं कुठलं पेडल आणतो, कुणाच्या तारा किती जाड, हाच त्यांचा संसार. मला वाटलं, सापडली आपली माणसं. पहिल्या दिवशी मी ऐटीत गिटार अ‍ॅम्पला जोडली, ट्रेबल पूर्ण उजवीकडे फिरवलं, बेस शून्यावर नेला आणि आमची चाल सुरू केली. खोलीत लूम नव्हते. तो आवाज कानात सुई घातल्यासारखा आला. प्राध्यापकांनी चक्क कान झाकले. मी थांबले नाही, कारण थांबून तोंड कुठे लपवणार? चाल संपल्यावर मंदारने ट्रेबल अर्ध्यावर आणलं आणि तो फार हळू म्हणाला, "बेंडही चढा लागतोय तुमचा. बराच चढा."

त्या संध्याकाळी दिनूदादाचा फोन आला. "आवडलं का त्यांना आपलं?" त्याच्या मागे लूम चालू होते, त्यामुळे तो ओरडून विचारत होता. मीही ओरडूनच सांगितलं, "खूप!" दुसरं काय सांगणार होते? त्याला पुण्याला यायचं होतं, माझ्याही आधीपासून. वडील थकले, शेड त्याच्या गळ्यात पडली आणि तो राहिला. आपलं वाजवणं पुण्यात पसंत पडलं, या एका गोष्टीवर तो किती दिवस खूश होता, हे आई फोनवर सांगायची.

पुढची वर्षं मी दुरुस्त होत गेले. मोबाइलवर सूर मोजणारा ट्यूनर लावून रोज तोच बेंड, काटा मधोमध थांबेपर्यंत. "करून राहिली"चं "करतेय" झालं. मंदारच्या मंडळींनी हातचं न राखता शिकवलं, पेडल घरी न्यायला दिली, माझ्या आजारपणात डबे आणले. तीही माझीच माणसं झाली, हे मी मनापासून लिहिते आहे. तरी शांत खोलीत माझा हात मोकळा होत नसे. मग मी वॉशिंग मशीन रिकामंच लावून त्याच्या घरघरीत वाजवायची. घरमालकीणबाईंना वाटे, मुलगी फार स्वच्छ आहे. आणि आई म्हणायची, "काय गं, पेपरातल्यासारखी बोलून राहिली तू?"

अशात दिनूदादा एका लग्नासाठी पुण्याला आला. केळीची फणी, गिटार, आणि पहिलंच वाक्य, "शनिवार आहे ना आज? चल तुझ्या त्या लोकांकडे. त्यांना आपलं आवडलं होतं."  मला हसले ते मी सोसलं, शिकले, पुढे गेले. पण याच्याकडे दुसरं काय होतं? दिवसभर लूम आणि त्यात मिळेल तेवढी गिटार. त्या खोलीत कुणी कान झाकले, तर तो घरी जाऊन गिटार खुंटीला टांगून ठेवेल, अशी मला खात्री होती. जिना चढताना मी दोनदा म्हटलं, "राहू दे ना, बाहेर जेवायला जाऊ." त्याने ऐकलं नाही.

त्याने सवयीने ट्रेबल पूर्ण फिरवलं आणि पहिलाच सूर मारला. मारला आणि त्याचाच हात तारांवरून उडाला.  तो आपल्या बोटांकडे बघत राहिला. "शुभी, हे मी वाजवून राहिलो का?"

कुणी हसलं नाही. मंदार म्हणाला, "तुम्हीच. ते बटण जरा डावीकडे घ्या आणि वाजवत राहा." दादाने बटण थोडं थोडं करत उतरवलं, दर वेळी एक तार छेडून ऐकत. मग त्याने आमची चाल सुरू केली. सावकाश, प्रत्येक सुरापाशी थोडा थांबत, जणू घरात आलेल्या पाहुण्याला नाव विचारत होता. मला राहवलं नाही. मी माझी गिटार घेऊन त्याच्याबरोबर वाजवू लागले.

बेंड आला. त्याने माझ्याकडे बघितलं. बरोबर सूर माझ्या बोटात होता, एवढ्या वर्षांच्या मेहनतीने बसवलेला. पण बोट त्याच्या मागे गेलं, नख पांढरं होईपर्यंत. दोन्ही तारा चढ्या लागल्या. एकाच जागी, इतक्या सारख्या की खोलीत एकच सूर वाजत होता.

चाल संपल्यावर मंदार हसत सुटला. "चढेच आहात दोघं. पण एकमेकांशी अगदी सुरात."

"म्हणजे चुकतंय?" दादाने मला विचारलं.

"हो दादा. पहिल्यापासून."

"आणि तू म्हणत होती, त्यांना आवडलं."

 माझे डोळे भरून आले.  तो मंदारकडे वळून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, बरोबर कसं लावायचं ते शिकवा मला." आणि संध्याकाळपर्यंत उठलाच नाही. घरी गेल्यावर ट्रेबल पुन्हा पूर्ण करावं लागेल, असं म्हणत मान हलवत होता, पण निघताना त्याचा चेहरा, तो मला सोडायला स्टेशनवर आला होता तेव्हासारखा कोवळा दिसत होता.

आमच्या बऱ्हाणपूरकरांपैकी जे तिकडेच राहिले आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले, ते अधूनमधून विचारतात, आता घर कुठलं म्हणायचं? पुण्यात माझं घर आहे, माणसं आहेत, भाषाही आता कुणाला खटकत नाही. सगळे बेंड मी बरोबर लावते. तसं चुकायला मात्र मला दिनूदादा लागतो, आणि दिनूदादा बऱ्हाणपुरात राहतो.